पूर्वलक्षी बिल्ले आणि पूर्वलक्षी गुण : अध्ययन-प्रणालीतील एका प्रथेची चिकित्सा

१

केलेल्या कामाचा मान काम झाल्यावरच मिळावयाचा, हे उघड आहे. परंतु मान कशाबद्दल द्यावयाचा हा नियमच काम होऊन गेल्यावर ठरावा आणि तो मागे नेऊन लागू करावा, ही गोष्ट निराळी होय. संगणकावर चालणाऱ्या अध्ययन-व्यवस्थापन प्रणालींत ही दुसरी गोष्ट आज नित्याची झाली आहे. अभ्यासक्रम सुरू होऊन दोन-तीन महिने लोटलेले असतात. विद्यार्थ्यांनी चाचण्या सोडविलेल्या असतात, स्वाध्याय सादर केलेले असतात. आणि मग अध्यापक एखादा 'बॅज', म्हणजे सन्मानाचा बिल्ला, नव्याने निर्माण करतो. पहिले पाच स्वाध्याय पूर्ण करणारास तो मिळावा, असे ठरते. ज्यांनी ते आधीच पूर्ण केले आहेत त्यांना तो मिळावा की न मिळावा? मिळाला तर त्यावर दिनांक कोणता असावा? आणि बिल्ल्याबरोबर गुणही द्यावयाचे ठरले, तर ज्यांचा क्रम त्यामुळे खाली जाईल त्यांना काय सांगावयाचे?

हे प्रश्न सकृद्दर्शनी किरकोळ आणि यांत्रिक वाटतात. प्रणालीच्या पडद्यावर एक खूण केली की त्यांचे उत्तर मिळते, आणि बहुतेक ठिकाणी ते तसेच मिळविले जाते. वस्तुतः त्यांचा संबंध मूल्यमापनाच्या नीतीशी आहे. आणि नीतीचा प्रश्न यंत्राच्या सोयीने सुटला म्हणजे तो सुटला असे होत नाही. म्हणून या प्रथेची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते. येथे 'गुण' हा शब्द परीक्षेच्या मार्कांच्या अर्थाने योजलेला नाही. विद्यार्थ्याच्या प्रत्येक कृतीमागे प्रणालीत जे 'पॉइंट' साठत जातात, त्यांच्या अर्थाने तो घेतला आहे.

'पूर्वलक्षी' हा शब्द मराठीत कायद्याच्या भाषेतून रूढ झाला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० (१) प्रमाणे, कृती घडली त्या वेळी जो अपराध नव्हता त्याबद्दल मागाहून कायदा करून कोणास दोषी ठरविता येत नाही. शिक्षेला असलेला हा प्रतिबंध लाभाला नाही. यावरून एक सोपी समजूत पसरली आहे, ती अशी की, पूर्वलक्षी शिक्षा अन्यायाची असली तरी पूर्वलक्षी लाभाने कोणाचेच नुकसान होत नाही. अध्ययन-प्रणालींतील प्रथा याच समजुतीवर उभी आहे. ही समजूत बिल्ल्याच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी आणि गुणांच्या बाबतीत बव्हंशी खोटी आहे, असे प्रस्तुत विवेचनात दाखवावयाचे आहे. बिल्ला ही एक साक्ष आहे. साक्ष उशिरा दिली तरी ती खरी असू शकते. गुण हे एक प्रकारचे चलन आहे. आणि मागील तारखेने नवे चलन काढले, तर ज्यांच्या हाती जुने चलन आहे त्या सर्वांच्या पुंजीचे मोल बदलते.

२

चिकित्सेसाठी एखादी प्रत्यक्ष प्रणाली डोळ्यांसमोर असणे बरे. 'मूडल' ही त्या दृष्टीने योग्य ठरते. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुजियामस यांनी निर्माण केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य व मुक्त असल्याने जगभरच्या विद्यापीठांत तिचा प्रसार झाला, आणि २०२० च्या महामारीनंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांनाही तिचा परिचय अधिक जवळून घडला. बिल्ल्यांची सोय तीत २०१३ साली, २.५ या आवृत्तीपासून आली. त्याआधी २०११ साली मोझिला या संस्थेने मॅकआर्थर प्रतिष्ठानाच्या साह्याने 'ओपन बॅजेस' ही कल्पना जाहीर केली होती. एका संस्थेने दिलेला बिल्ला दुसऱ्या संस्थेला वाचता यावा, तपासता यावा, त्यामागील निकष पाहता यावा, असा तिचा उद्देश होता. मूडलने ही कल्पना स्वीकारली.

मूडलमध्ये बिल्ला तयार केला म्हणजे तो लगेच मिळू लागत नाही. अध्यापकाने निकष ठरवावयाचे : अमुक घटक पूर्ण करणे, संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे, अथवा अधिकारी व्यक्तीने स्वहस्ते प्रदान करणे, इत्यादी. त्यानंतर तो बिल्ला विद्यार्थ्यांसाठी खुला करावयाचा. खुला करण्याच्या क्षणी प्रणाली अध्यापकाला सूचना देते की, काही जणांनी हे निकष आधीच पूर्ण केलेले असणे शक्य आहे. तसे असल्यास त्यांना बिल्ला तत्काळ दिला जाईल. आणि एकदा तो कोणास दिला गेला की निकष व मुदत यांत बदल करता येणार नाही. अध्यापकाने होकार दिला की प्रणाली मागील नोंदी तपासून बिल्ले वाटावयास लागते.

या रचनेत दोन गोष्टी प्रशंसनीय आहेत. एक, पूर्वलक्षी प्रदान गुपचूप होत नाही. त्याची जाणीव देणाऱ्याला आधी करून दिली जाते. दुसरी, निकष गोठविले जातात. आज एका निकषावर दिलेला बिल्ला उद्या दुसऱ्या निकषाचा म्हणून मिरविता येत नाही. सन्मानचिन्हाच्या विश्वसनीयतेला एवढे किमान आवश्यकच होते. परंतु हीच सूचना नीट वाचली तर तीत एक उणीव आढळते. निकष पूर्ण केलेल्यांना बिल्ला मिळेल, एवढे ती सांगते. निकष खरोखर पूर्ण करूनही कोणाला तो मिळणार नाही, हे ती सांगत नाही. ही उणीव केवळ शब्दांची नव्हे. तिच्या मुळाशी जाण्यापूर्वी पूर्वलक्षी प्रदानाच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद पाहिला पाहिजे.

३

हा युक्तिवाद न्यायाचा आहे. बिल्ला निर्माण झाल्यानंतर ज्याने पाच स्वाध्याय पूर्ण केले त्याला तो मिळावा, आणि त्याच्या आधी, कोणत्याही बिल्ल्याची आशा नसताना, ज्याने तेच पाच स्वाध्याय पूर्ण केले त्याला मिळू नये, हे कोणाच्याही न्यायबुद्धीला खटकेल. जो आधी पोहोचला त्याला आधी पोहोचल्याबद्दलच शिक्षा व्हावी, असा याचा अर्थ होतो. वरातीमागून घोडे आले हे खरे. पण म्हणून नवरदेवाने पायीच जावे असे कोणी म्हणणार नाही.

विद्यापीठांच्या इतिहासात अशा उशिरा आलेल्या मान्यतेची उदाहरणे आहेत, आणि त्यांतील एकाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेऊन त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेला बसल्या. परीक्षेला बसण्याची परवानगी त्यांना खास म्हणून मिळाली होती. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदव्या देत नव्हते. १९२० साली तेथील नियम बदलला. ज्या स्त्रियांनी पूर्वीच परीक्षा दिल्या होत्या त्यांनाही पदवी घेण्याची वाट मोकळी झाली, आणि १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी, सोराबजींना त्यांची पदवी प्राप्त झाली.

या प्रदानाला कोणी पक्षपात म्हणणार नाही. त्याचे कारण शोधले तर पूर्वलक्षी सन्मान न्याय्य केव्हा ठरतो याच्या अटी हाती लागतात. पहिली गोष्ट, ज्या कामाबद्दल पदवी मिळाली ते काम त्या वेळीही काम म्हणूनच ओळखले जात होते. परीक्षेचा दर्जा ठरलेला होता, पुरुष परीक्षार्थींना तोच लागू होता, आणि बाईंनी ती परीक्षा हेतुपूर्वक दिली होती. दुसरी गोष्ट, त्या परीक्षेची नोंद शाबूत होती. मागाहून काही अनुमान करावे लागले नाही. तिसरी गोष्ट, त्यांना पदवी मिळाल्याने दुसऱ्या कोणाची पदवी उणी झाली नाही. आणि चौथी गोष्ट अशी की, त्यांना विद्यापीठ सोडून तीन दशके झाली होती, हे त्यांच्या आड आले नाही. नवा नियम जे अजून तेथे शिकत होते त्यांच्यापुरता थांबला नाही. जे निघून गेले होते त्यांच्यापर्यंत तो पोहोचला.

अध्ययन-प्रणालीतील पूर्वलक्षी बिल्ला याच कसोट्यांवर घासून पाहिला पाहिजे. तो छोटा आहे, पदवीशी त्याची तुलना होत नाही, हा आक्षेप येथे लागू पडत नाही. चिन्ह छोटे असले तरी ते ज्या संस्थेच्या नावाने दिले जाते ती संस्था तीच असते.

४

पूर्वलक्षी प्रदानाच्या बाजूने दुसरा युक्तिवाद केला जातो तो उत्तेजनाचा. बिल्ले मिळाले की विद्यार्थ्यांना हुरूप येतो. मग ते मागील कामाबद्दल का मिळेनात, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद पहिल्याइतका भक्कम नाही. दोन निरनिराळ्या गोष्टींची त्यात गल्लत झालेली आहे.

उत्तेजन हे पुढच्या कामाला असते. झालेल्या कामाला उत्तेजन देता येत नाही. त्याची दखल घेता येते. बिल्ल्यांच्या उपयुक्ततेबद्दल जे संशोधन सामान्यतः पुढे केले जाते ते आगाऊ जाहीर केलेल्या बिल्ल्यांचे आहे. पॉल डेनी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हजारांहून अधिक विद्यार्थी होते. 'पिअरवाइज' या साधनात ज्यांना बिल्ले मिळू शकत होते त्यांनी अधिक प्रश्न सोडविले, ते अधिक दिवस क्रियाशील राहिले, आणि त्यांच्या कामाचा दर्जा घसरल्याचे आढळले नाही. त्याच वर्षी अँडरसन, हटनलॉकर, क्लाइनबर्ग व लेस्कोवेक यांनी 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरस्थळावरील नोंदींचा अभ्यास केला. बिल्ल्याचा उंबरठा जवळ आला की माणसांची धडपड वाढते आणि तो ओलांडला की ती ओसरते, असे त्यांना दिसून आले. याचा सरळ अर्थ असा की, बिल्ल्याची ओढ उंबरठ्याच्या अलीकडे असते. ज्याला तो उंबरठा ओलांडल्यानंतर, किंबहुना उंबरठा बांधला जाण्यापूर्वीच पलीकडे गेल्याबद्दल बिल्ला मिळतो, त्याच्यावर या ओढीचा परिणाम होण्याचे कारण नाही. आणि आगाऊ जाहीर केलेल्या बिल्ल्यांबद्दलही सर्व पुरावा एका दिशेचा नाही; हॅनस व फॉक्स यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या सोळा आठवड्यांच्या पाहणीत बिल्ले व क्रमवारीचा फलक असलेल्या वर्गाची आंतरिक प्रेरणा दुसऱ्या वर्गाच्या मानाने कमी झालेली आढळली.

पूर्वलक्षी बिल्ल्याला खरा आधार मिळतो तो याहून बऱ्याच जुन्या एका प्रयोगात. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी बालवाडीतील ५१ मुलांवर केलेला प्रयोग शिक्षणशास्त्रात सुविख्यात आहे. या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती. काहींना चित्रे काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितले; काहींना काही न सांगता चित्रे काढून झाल्यावर तेच बक्षीस दिले; काहींना बक्षीसच दिले नाही. पुढे काही दिवसांनी, बक्षिसाचा विषय नसताना, ही मुले आपण होऊन चित्रे काढण्यात किती वेळ घालवितात हे पाहिले. बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढलेल्या मुलांचा वेळ इतरांच्या जवळपास निम्म्यावर आला होता. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

पूर्वलक्षी बिल्ला हे असे अनपेक्षित बक्षीस होय. त्यामुळे मूळची आवड मारली जात नाही, हा त्याचा मोठा गुण मानावा लागतो. परंतु हा गुण एकदाच उपयोगी पडणारा आहे. पहिला पूर्वलक्षी बिल्ला अनपेक्षित असतो. तिसरा असत नाही. येथे काहीही केले तरी मागाहून त्याचे काहीतरी मिळते, हे एकदा वर्गाच्या ध्यानात आले, की अपेक्षा तर उत्पन्न होते, पण ती कशाची हे माहीत नसते. आगाऊ जाहीर केलेल्या बिल्ल्यात विद्यार्थ्याला निदान काय करावयाचे ते ठाऊक असते. वारंवार होणाऱ्या पूर्वलक्षी प्रदानात त्याला तेही ठाऊक नसते. मग प्रत्येक पान उघडून ठेवावे, प्रत्येक दुव्यावर बोट दाबावे, न जाणो उद्या याचाही हिशेब होईल, अशी वृत्ती बळावण्याचा संभव असतो. अभ्यासाची जागा हजेरी घेते. उत्तेजनाचा युक्तिवाद अशा रीतीने आपल्याच मुळावर येतो.

५

आता न्यायाच्या कसोटीकडे पुन्हा वळले पाहिजे. सोराबजींच्या परीक्षेची नोंद शाबूत होती, असे वर म्हटले. अध्ययन-प्रणालीच्या दप्तरात काय शाबूत असते?

मागे जाऊन निकष लावावयाचा म्हणजे दप्तर उघडावयाचे. परंतु दप्तरात सर्व काही सारखेच टिपलेले नसते. मूडलमध्ये एखाद्या घटकाची पूर्तता 'ठरावीक मार्क मिळणे' या अटीवर ठरविली, तर ती अट मागाहून घातली तरी चालते. मार्क प्रणालीत असतातच, त्यांवरून पूर्तता काढता येते. पण 'घटक उघडून पाहणे' ही अट मागाहून घातली, तर ती घालण्यापूर्वी ज्यांनी तो घटक पाहिला त्यांचे पाहणे पूर्ततेत धरले जात नाही. त्यांनी तो पुन्हा उघडावा लागतो. म्हणजे एकाच अध्यापकाने एकाच दिवशी निर्माण केलेल्या दोन बिल्ल्यांपैकी एक पूर्वलक्षी ठरतो आणि दुसरा ठरत नाही. आणि हा भेद शैक्षणिक विचाराने पडलेला नसून दप्तर ठेवण्याच्या रीतीने पडलेला असतो. प्रणालीतील हालचालींची तपशीलवार नोंद किती दिवस ठेवावयाची हेही प्रत्येक संस्थेचा व्यवस्थापक ठरवू शकतो. एका महाविद्यालयात ती कायम राहते, दुसऱ्यात काही महिन्यांनी पुसली जाते. जे पुसले गेले ते घडलेच नाही, असे यंत्र मानते.

याहून गंभीर गोष्ट निघून गेलेल्यांची आहे. मूडलमधील अभ्यासक्रमाचा बिल्ला खुला केला म्हणजे त्या वेळी अभ्यासक्रमात ज्यांचे नाव चालू आहे त्यांचीच तपासणी होते. ज्याचे नाव काढले गेले अथवा स्थगित झाले आहे, त्याने पाचही स्वाध्याय उत्तम रीतीने पूर्ण केलेले असले तरी त्याला बिल्ला मिळत नाही. फी भरता न आल्याने, नोकरी लागल्याने, लग्न झाल्याने वा आजारपणाने ज्यांचे शिक्षण मध्येच सुटते, त्यांच्या हाती झालेल्या कामाचा एखादा पुरावा असणे हे, जे पुढे पदवीच घेणार आहेत त्यांच्यापेक्षा, अधिक मोलाचे असते. ज्याला साक्षीची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच बाबतीत साक्षीदार मुका होतो. मूडलच्या सूचनेत जी उणीव वर दाखविली तिचा खरा अर्थ हा आहे.

तिसरी अडचण दप्तराच्या बाहेर जे शिक्षण होते त्याची. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत एकच स्मार्टफोन होता, आणि तो भावंडांत वाटून घ्यावा लागे. एका मुलाने पाठ उतरवून घ्यावा आणि इतरांनी तो वाचावा. मित्राने पाठविलेली प्रत रात्री, नेटवर्क नसताना, वाचून काढावी. हे सर्व शिकणेच होते. त्याची नोंद ज्याच्या नावाने पाठ उघडला गेला त्याच्या खाती पडली. आगाऊ जाहीर केलेल्या बिल्ल्याच्या बाबतीत अशा विद्यार्थ्याला निदान सावध होता येते; एकदा तरी आपल्या नावाने घटक उघडण्याची सोय तो पाहील. पूर्वलक्षी बिल्ल्याच्या बाबतीत ती संधी त्याला मिळत नाही. निकष जाहीर होतो तेव्हा तो पूर्ण करण्याची वेळ निघून गेलेली असते.

यावरून पूर्वलक्षी बिल्ल्याची मर्यादा स्पष्ट होते. जे काम त्या वेळी सर्वांना काम म्हणून सांगितले होते आणि ज्याची नोंद सर्वांच्या बाबतीत सारखी झाली होती, जसे सादर केलेला स्वाध्याय, दिलेली चाचणी, पुरा केलेला प्रकल्प, त्याबद्दल मागाहून बिल्ला देणे योग्य होय. जे वर्तन त्या वेळी कोणी काम मानले नव्हते आणि जे केवळ यंत्राने टिपून ठेवले म्हणून आज दिसते, जसे किती वेळा प्रवेश केला, सलग किती दिवस आला, किती पाने उघडली, त्याबद्दल मागाहून बिल्ला देणे म्हणजे योगायोगाला कर्तृत्वाचे नाव देणे होय.

६

आतापर्यंतचे विवेचन बिल्ल्यापुरते होते. गुणांची गोष्ट मुळातच वेगळी आहे. एका विद्यार्थ्याला बिल्ला मिळाल्याने दुसऱ्याचा बिल्ला लहान होत नाही. गुण मात्र बेरजेसाठी आणि तुलनेसाठीच असतात. त्यांवर पातळ्या ठरतात, क्रमवारीचे फलक लागतात, क्वचित अंतर्गत मूल्यमापनाचा अंशही त्यांवर सोपविला जातो. एकाच्या खात्यात मागील तारखेने पन्नास गुण जमा केले, तर दुसऱ्याच्या खात्याला हात न लावताही त्याचे स्थान खाली जाते. त्याच्या हातून काही चुकलेले नसते. तो ज्या नियमाने चालला तो नियम त्याच्या पाठीमागे बदललेला असतो. पूर्वलक्षी लाभाने कोणाचे नुकसान होत नाही, ही समजूत येथे कोसळते. जेथे मोजमाप सापेक्ष असते तेथे एकाचा लाभ हीच दुसऱ्याची शिक्षा ठरते.

या बाबतीत वर उल्लेखिलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोचा इतिहास उद्बोधक आहे. २००८ साली सुरू झालेल्या या स्थळावर सदस्याच्या प्रश्नाला वा उत्तराला इतरांनी पसंतीचे मत दिले की त्याच्या खात्यात प्रतिष्ठेचे गुण जमा होतात. प्रश्नाला मिळालेल्या प्रत्येक मताचे आरंभी दहा गुण होते. २०१० साली ते पाच करण्यात आले. प्रश्न विचारणाऱ्यांना उणे लेखले जाते असे वाटल्यावरून १३ नोव्हेंबर २०१९ रोजी ते पुन्हा दहा करण्यात आले, आणि हा बदल मागील सर्व मतांना लागू करण्यात आला. हेतू सद्भावनेचा होता यात शंका नाही. चांगला प्रश्न विचारणे हेही कर्तृत्व आहे, हे तत्त्वही मान्य व्हावे असे आहे. परंतु या स्थळावर गुण हे नुसते भूषण नाही. ठराविक गुणसंख्या झाली की इतरांचे लेखन सुधारण्याचे, प्रश्न बंद करण्यासाठी मत देण्याचे अधिकार मिळतात. म्हणजे जे अधिकार कसोटीला उतरून मिळावयाचे ते काहींना एका रात्रीत, कोणतेही नवे काम न करता, केवळ हिशेबाच्या फेरमांडणीने मिळण्याची शक्यता उत्पन्न झाली. प्रश्न तेच राहिले, मतेही तीच राहिली. त्यांचे मोल मात्र आधी दहा, मग पाच, मग पुन्हा दहा असे बदलत गेले. अशा मापाने नेमके काय मोजले जाते, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही.

अध्ययन-प्रणालीत याचे परिणाम लहान प्रमाणात पण अधिक तीव्रतेने जाणवतात, कारण तेथे स्पर्धक एकमेकांना ओळखतात आणि एकाच बाकावर बसतात. फलकावर तिसरा असलेला विद्यार्थी सोमवारी अकरावा झाला, तर अध्यापकाने त्याला दिलेले कोणतेही स्पष्टीकरण अपुरे ठरते. 'तू काही गमावले नाहीस, इतरांना त्यांचे मिळाले' हे उत्तर अंकगणिताच्या दृष्टीने बरोबर असेल. क्रमवारीच्या दृष्टीने ते खोटे आहे, आणि क्रमवारी लावण्याचा निर्णय अध्यापकाचाच होता. विद्यार्थी यातून जो धडा घेतो तो अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो : येथे मेहनतीपेक्षा नियम करणाराची लहर मोठी आहे, हा तो धडा.

म्हणून गुणांच्या बाबतीत एकच नियम ग्राह्य वाटतो. नवे गुण जाहीर केलेल्या दिनांकापासून पुढे लागू व्हावेत. मागील कामाची दखल घ्यावयाची असल्यास ती गुणांनी न घेता बिल्ल्याने घ्यावी. जुनी बेरीज आणि नवी बेरीज एकत्र करण्याचा मोह टाळून दोन्ही वेगवेगळ्या दाखवाव्यात. नोंद चुकल्यामुळे जे गुण राहिले असतील ते देणे हा पूर्वलक्षी लाभ नव्हे, ती दुरुस्ती होय; ती केव्हाही केली पाहिजे, कारण तीत नियम बदलत नाही.

७

उरला दिनांकाचा प्रश्न. तो किरकोळ समजला जातो, पण साक्षीची सगळी प्रामाणिकता अखेरीस त्यावरच अवलंबून आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगावयास नको. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून समकालीन पत्र आणि उत्तरकालीन बखर यांतील भेद हा या अभ्यासाचा पाया होऊन बसला आहे. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी लिहिली गेली. ती टाकाऊ ठरली नाही, उलट बखरींत तिला मान आहे. परंतु ती केव्हा लिहिली हे ठाऊक असल्यामुळेच तिची किंमत करता येते. बखरीने पत्राचा वेष घेतला असता तर ती निकामी झाली असती.

पूर्वलक्षी बिल्ला ही अशीच उत्तरकालीन साक्ष आहे. मूडल जेव्हा बिल्ला देते तेव्हा देण्याचा क्षण हाच त्याचा दिनांक होतो. ज्या विद्यार्थिनीने जुलैत स्वाध्याय पुरे केले आणि ज्या विद्यार्थ्याने ते नोव्हेंबरात बिल्ला पाहून पुरे केले, त्या दोघांच्या बिल्ल्यांवर नोव्हेंबरच उमटतो. मुदतीच्या बिल्ल्यांत हा दोष उघड घातक होतो. बिल्ल्याची मुदत प्रदानापासून अमुक दिवस अशी ठेवण्याची सोय मूडलमध्ये आहे. प्रथमोपचाराचे वा प्रयोगशाळेतील सुरक्षिततेचे शिक्षण दोन वर्षांपूर्वी घेतलेल्यास आज पूर्वलक्षी बिल्ला दिला, तर त्याच्या ज्ञानाची मुदत आजपासून मोजली जाईल. आणि बिल्ला पाहणाऱ्याला ते ज्ञान ताजे वाटेल. येथे विद्यार्थी खोटे बोलत नाही, अध्यापक खोटे बोलत नाही. बिल्ला मात्र खोटे बोलतो.

याला उपाय नाही असे नाही. ओपन बॅजेसचा मानदंड २०१७ पासून ज्या संस्थेकडे आहे, आणि जी २०२२ पासून 'वनएडटेक' या नावाने ओळखली जाते, तिने त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रदानाच्या दिनांकाखेरीज प्रत्यक्ष काम केव्हा सुरू झाले व केव्हा संपले हे नोंदविण्याचीही जागा ठेवली आहे. म्हणजे दोन दिनांकांची कल्पना मानदंडाला मान्य आहे. ती प्रत्येक प्रणालीच्या व प्रत्येक अध्यापकाच्या व्यवहारात उतरणे बाकी आहे. कामाचा दिनांक आणि मान्यतेचा दिनांक हे दोन्ही ज्यावर आहेत, मुदत ज्याची कामाच्या दिनांकापासून मोजली आहे, आणि निघून गेलेल्यांनाही जो त्याच निकषाने दिला गेला आहे, असा पूर्वलक्षी बिल्ला कोणत्याही आगाऊ जाहीर केलेल्या बिल्ल्याइतकाच आदरणीय मानण्यास हरकत नसावी. नाव निघालेल्यांची यादी पाहून त्यांना स्वहस्ते बिल्ला देणे अध्यापकाला थोडे कष्टाचे पडेल, हे खरे. पण यंत्राने जे आपोआप केले त्यात जे राहून गेले ते शोधणे, हे अध्यापकाचे काम यंत्र आल्यानेही संपलेले नाही.

एकंदरीत पाहता, या प्रथेचा पुरस्कार करणाऱ्यांची भूमिका चूक आहे असे म्हणता येत नाही. ती अर्धी आहे असे म्हणावे लागते. आधी काम केलेल्याला वंचित ठेवू नये, ही त्यांची मूळ प्रेरणा न्याय्य आहे. परंतु ती शेवटपर्यंत नेली, तर दप्तरात ज्याची नोंद नाही आणि वर्गात ज्याचे नाव नाही त्याचाही विचार करणे भाग पडते. मागे वळून पाहावयाचे असेल तर मागे राहिलेल्या सर्वांकडे पाहिले पाहिजे. केवळ ज्यांच्या पावलांचे ठसे यंत्राला दिसले त्यांच्याकडे पाहून मागे पाहिल्याचे समाधान मानता येणार नाही.